चवीची वही

“आधी चव घ्या, मंग बोला.”

मावशींनी पळीभर खिचडी पुढे केली की हे वाक्य यायचंच. पळीखाली डाव्या हाताचा तळवा धरलेला, शीत खाली पडू नये म्हणून. आपण हात पुढे करायचा, त्या वाफाळती खिचडी हातावर घालणार आणि आपण गिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहणार.

गोंदियाकडे, आमगावजवळच्या एका खेड्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे मावशी पोषण आहार शिजवायच्या. पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत तसं लिहून सही करायची, असा नियम आहे. तुमच्यापैकी कुणी मास्तरकीत असेल तर ही वही कशी भरते ते मी सांगायला नको. महिनाअखेरीला एकदा बसलं की झालं. पण मावशींच्या राज्यात ते चालत नसे. चव घेतल्याशिवाय त्या पोरांच्या पंगतीकडे वळतच नसत.

हे वाक्य त्या कशालाही लावायच्या. गावातल्या नव्या सुनेला कोणी नावं ठेवली तरी तेच. नवे हेडमास्तर फार कडक आहेत, असं आम्ही कुजबुजलो तेव्हाही तेच. आठवडाभराने स्वतःच येऊन सांगून गेल्या, “अळणी हायेत.”

मग त्यांच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. त्यावर पांढरे पापुद्रे. हळूहळू ते हातांच्या मागच्या बाजूला उतरले, गुडघ्यांवरही आले. मावशींनी आधी भांड्याच्या साबणाला दोष दिला, मग वांग्याला. वजरीने घासून पाहिलं, तर रक्त आलं. कोहमारा गावाच्या बाजूच्या एका वैदूने पुडीतल्या पिवळ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी महिनाभर कातडी साफ राहिली आणि त्या संपल्यावर दुप्पट जोराने सगळं परतलं. भर उन्हाळ्यात, शेगडीसमोर, मावशी लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून उभ्या राहू लागल्या.

पोरांच्या दप्तरात डबे दिसू लागले. आणि आता लपवण्यात अर्थ नाही, मीही डबा न्यायला लागले. चव घ्यायच्या वेळी मला नेमकं काहीतरी काम निघायचं. वहीत मात्र रोज लिहीत होते, “चव चांगली.” पळी पुढे करून मावशी थोडा वेळ उभ्या राहत आणि मग पंगतीकडे वळत.

पालकांनी शाळा समितीत विषय काढला. महिनाभरात डॉक्टरला दाखवून घ्या, नाहीतर दुसरी बाई ठेवतो, असं ठरलं. मावशी एवढंच म्हणाल्या, “घरी बसवून राहिले तं बसवा, पण काऊन ते तरी सांगा.” गोंदियाला त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं तर दिवस मोडणार. त्या दिवशी दुसऱ्या बाईने खिचडी टाकली की पळी पुन्हा हातात येणार नाही, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती.

नागपूरच्या माझ्या भाचीने फोनवरून त्वचेच्या डॉक्टरला दाखवायची सोय सांगितली. आधी चट्ट्यांचे फोटो पाठवायचे, मग डॉक्टर व्हिडिओवर समोरासमोर बोलणार. मावशींकडे बटनांचा फोन, म्हणून रविवारी मी माझा घेऊन गेले. बघते तर काय, मावशी जरीची साडी नेसून, ठसठशीत कुंकू लावून, तोंडाला पावडर फासून अंगणात खुर्चीवर बसलेल्या. फोटो म्हटल्यावर आपल्याकडे माणूस नटल्याशिवाय थोडंच बसतं. पावडर कोपरांनाही लावली होती, गुडघ्यांनाही.

“तोंडाचा नाई काढसाल का?” त्यांनी विचारलं. त्यांचं मन राखायला मी तोही काढला. छान हसल्या होत्या.

डॉक्टरांचं उत्तर आलं, पांढरं दिसतंय ते खवले आहेत की आणखी काही? मग कोपरं धुऊन, उजेडाला धरून पुन्हा फोटो काढले. पहिले सगळे मी पुसून टाकले. माझा फोन सदा भरलेला असतो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. हा सोरायसिस आहे, म्हणाली. शिवल्याने, खाल्ल्याने लागत नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. खरवडणं बंद, वैदूच्या गोळ्या बंद, आंघोळीनंतर लगेच मलम, आणि दर पंधरा दिवसांनी फोटो. मावशींनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

“डॉक्टरीनबाई, मी शिजवलेलं तुम्ही खासाल का?”

“का नाही खाणार? बोलवा,” ती लगेच म्हणाली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोनकडे बघतच म्हणाल्या, “आमच्या मॅडमले चव घ्याले वेळ नाई भेटत.”

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांसमोर मी हात पुढे केला. समितीत डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि वहीतल्या माझ्या खोट्या सह्याही सांगितल्या. हेडमास्तर रागावले, पण मावशी राहिल्या. डबे एकेक करून कमी झाले.

चट्टे काही जादूने गेले नाहीत. थंडीत उसळायचे, मग निवायचे. मावशी मात्र बदलल्या. बाह्या वर सरकवून कामाला लागायच्या आणि कोणी टक लावून पाहिलं तर स्वतःच सांगायच्या, “लागत नाई. पाहा हात लावून.”

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत छातीत कळ येऊन त्या गेल्या. मुलगी राजनांदगावला दिलेली. तेरवीआधी तिचा फोन आला. आईचा नीट फोटोच नाही, आधार कार्डावरच्या फोटोत आई ओळखू येत नाही. “तुम्ही तं तिचे लय फोटो काढत होत्या म्हणे.”

मी फोन उघडला. कोपरं, गुडघे, हातांची मागची बाजू. लाल, मग गुलाबी, मग साधी कातडी. दोन वर्षांत एकाही फोटोत तोंड नाही. होता तो एकुलता एक, जरीच्या साडीतला, मी माझ्या हाताने पुसला होता. हे मुलीला सांगताना मला रडू आवरलं नाही. ती म्हणाली, जे असेल ते पाठवा.

शेवटचा फोटो शाळेच्या स्वयंपाकघरातला होता. डॉक्टरांना कोपर दाखवायचं होतं, पण मावशी काम थांबवायला तयार नव्हत्या. बाही वर गेलेली, कोपर स्वच्छ, उजव्या हातात पळी आणि पळीखाली डावा तळवा.

तेरवीला पाटावर तोच फोटो होता, हार घातलेला. येणाऱ्या बायका क्षणभर थबकायच्या आणि मग डोळ्यांना पदर लावायच्या.

पंगत बसली. मुलगी भात वाढत माझ्यापर्यंत आली. समोर पत्रावळ असताना मी हात पुढे केला. पळीखाली तळवा धरून तिने माझ्या हातावर भात घातला आणि मी गिळेपर्यंत तिथेच उभी राहिली.