बिजलीच्या भीतीवरचे इलाज

धारूरच्या किल्ल्याखाली आमची सवारांची चौकी होती. राज्य निजामाचं. डाकवाल्याला घाट सुखरूप उतरवून देणं हे आमचं काम. पहाटे घोड्यांना खरारा, मग परेड, मग पेट्रोल, म्हणजे घाटातली गस्त. पेट्रोलच्या पुढं बिजली धावायची. ही आमचे दफेदार, उमापूरचे इमामभाई, यांची कुत्री. झाडीत कोणी दबून बसलं की ती थांबून गुरगुरायची, आणि आम्ही सावध व्हायचो.

एकदा चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या सरावात, तिच्याजवळच बंदुकीची नळी फुटली. जखम झाली नाही. पण त्यानंतर बादली पडली तरी ती थरथर कापायची. भाकरीही सोडली.

चौकीचे मुख्य जमादारसाहेब, त्यांनी ऑर्डर दिली, "भित्री कुत्री पेट्रोलवर न्हाई. सुधरली तर ठीक, न्हाईतर गावात देऊन टाका."

"जी," एवढंच इमामभाई म्हणाले.

मला झाडपाल्याच्या औषधांचा नाद होता. आधी वेखंडाची धुरी दिली. बिजली शिंकत बाहेर पळाली. मग बाजारात जडीबुटी विकणाऱ्या अत्तारानं जटामांसी दिली. ती भिजवून, ते पाणी दुधातून पाजलं. कापरं कमी झालं, पण ती दिवसभर पेंगू लागली. असली कुत्री घाटात काय कामाची? शेवटी तिळाचं तेल कोमट करून कानामागं चोळलं. मी चोळलं की ती अंग चोरायची. इमामभाईंनी चोळलं की डोळे मिटायची.

मला राहवलं नाही. म्हटलं, "इमामभाई, आज बिनतेलाचं चोळून बघा."

"कावून?"

"गुण तेलाचा हाय का तुमच्या हाताचा, ते कळंल."

ते हसले. कोरडा हात फिरवला. बिजली तशीच निवांत झाली. पण तेलाच्या दिवशी ती भाकरीही खायची, हेही मी पाहिलं. हात की तेल, याचा निकाल मला आजवर लागलेला नाही.

ती सावरली आणि पुन्हा पेट्रोलवर आली. एका सकाळी घाटाच्या वळणावर थांबून ती गुरगुरली.

"हॉल्ट! उतरा, आडोसा घ्या," इमामभाई ओरडले.

आम्ही उतरलो, तोच वरून दरोडेखोरांनी बार काढले. डाकवाला खडकाआड होता, वाचला. आम्ही बाकीचेही वाचलो. पण इमामभाई डाकवाल्याला खडकाआड ढकलून मागं वळत होते. गोळी त्यांच्या छातीत लागली. आम्ही उलट गोळीबार केला, तसे दरोडेखोर पळाले. एवढ्या आवाजात बिजली हलली नाही. इमामभाईंच्या हाताला नाक लावून बसून राहिली. चौकीवर पोचायच्या आत ते गेले.

संध्याकाळच्या हजेरीला जमादारसाहेबांनी सवयीनं पहिलं नाव घेतलं, "दफेदार इमाम."

रांगेतली इमामभाईंची जागा मोकळी होती. ती भरायला आमच्यातला कोणीही सरकला नाही.