खांद्यावरून घेतलेला फोटो

१९९६ साल. मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि सेलूत माझ्यासारखा फोटो काढणारा दुसरा नव्हता. हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागं गेली. पण माणसाला कॅमेऱ्यासमोर कसं बसवायचं ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मान सरळ, हनुवटी वर, नजर माझ्याकडं. कलेक्टर आला असता तरी त्याला मी हेच सांगितलं असतं.

त्या थंडीत मला नातू झाला. घरात बाईमाणूस एकच, ती म्हणजे माझी सून. माझी बायको आधीच गेली होती, आणि सुनेची आई तर ती लहान असतानाच वारलेली. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. पोरगं जन्मलं चांगलं, पण दूध ओढेना. छातीला लावलं की जरा चोखायचं, सोडून द्यायचं आणि गळा फाडून रडायचं. सुनेला जखमा झाल्या. शेजारणी बाळंतिणीला पाहायला यायच्या आणि ओसरीवर येऊन मोठ्यानं बोलायच्या.

"दूधच नाई वं इच्याजवळ. येईन कुठून? काडीवानी तं हाय."

"दूध पावडरचा डबा आना बाप्पा डबा. शहरातल्या बाया डब्यावरच पोसून राह्यल्या."

आत सून सगळं ऐकायची. दुसऱ्या दिवशी पोराला जवळ घेताना आणखीच अवघडून बसायची.

सावंगीच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या नर्सबाईनं नीट तपासलं. म्हणाली, "दूध भरपूर आहे. बाळ नुसतं टोकाला धरतंय. तोंड मोठं उघडून आतपर्यंत घ्यायला पाहिजे. घरातली कोणी पाजत असेल तर तिचं बघून शीक." मग माझ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की वजन असंच उतरत राहिलं तर बाळाला भरती करावं लागेल.

पाजणारी बाई आणायची कुठून? शेजारणींच्या पोरांना मिशा फुटलेल्या. आणि मी पडलो सासरा. आमच्यात सून सासऱ्यासमोर पदर ढळू देत नाही, मी तिच्या खोलीकडं जायचं तर आधी खाकरायचो. या गोष्टीवर तिच्याशी एक शब्द बोलणं होण्यासारखं नव्हतं. मुलगा पुलगावला कामाला. संध्याकाळी यायचा आणि पोराचं रडणं ऐकत भिंतीकडं तोंड करून बसायचा. एका सकाळी निघताना तो म्हणाला, "बाबा, आज येताना डबा आनतो."

तो बाजाराचा दिवस होता. माझ्या स्टुडिओत मागं एक पडदा होता. लेकराचा फोटो काढायचा तर आधी त्याचं पोट भरलेलं लागतं, म्हणून पडद्यामागं एक बाक टाकलेला. बाजाराला आलेल्या बाया फोटो काढायचा नसला तरी तिथं पाजायला बसायच्या. समोर भाजी विकणारी एक बाई तर हक्कानं यायची. जवळच्या खेड्यातली, तोंडानं फटकळ, काखेतलं हे तिचं तिसरं लेकरू. त्या दिवशी ती पडद्याकडं निघाली तसा मी तिच्या आडवा आलो.

"काय झालं भाऊ? आजपासून बाकाचं भाडं लावलं का?"

"बाई, तुहा एक फोटो पायजे."

"मंग काढा ना. याले पाजतो अन् बसतो समोर."

"नाई. पाजतानाचा पायजे."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. तिनं तेव्हा नुसता आवाज चढवला असता तर भरल्या बाजारात मला तोंड लपवायला जागा उरली नसती. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. नातू, सून, नर्सबाई, डबा.

"मंग फोटो कायले? मी येऊन दाखवतो ना तुमच्या सुनेले."

"चाल. आत्ता चाल."

तिनं रस्त्यापलीकडं पाहिलं. मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचा ढीग तसाच पडलेला, आणि गावाकडं जाणारी बैलगाडी दिवस मावळायच्या आत निघणार. "आज नाई जमत भाऊ. पुढच्या बाजारी येतो."

"पुढच्या बाजारापर्यंत..." मी म्हणालो.

तिनं लेकरू दुसऱ्या काखेत घेतलं. "माह्यं तोंड नाई आलं पायजे. अन् मले इचारल्याबिगर सुनेशिवाय कोनाले दाखवाचा नाई."

"नाई दाखवत. पण तुले लाज..."

"मले काऊन लाज? लेकराले पाजून राह्यली, चोरी नाई करून राह्यली."

पडदा तिनं स्वतःच सताड उघडा ठेवला आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. मी कॅमेरा लावला आणि सवयीनं बोलून गेलो, "मान वर. इकडं पाहा." तिनं मान वर केली, खांदा हलला, लेकराचं तोंड निसटलं आणि त्यानं भोकाड पसरलं.

"भाऊ, तुमचा फोटो मोठा का ह्याचं पोट? मले हालवू नका. मांगून या. माह्या खांद्यावरून घ्या, मले दिसते तसं. तुमची सून सोताले समोरून थोडीच पाह्यन!"

माझ्या दुकानात मला उभं कुठं राहायचं ते सांगणारी ती पहिलीच. राग आला, खोटं कशाला बोलू? पण बोलली ते बरोबर होतं. मी स्टूल ओढलं, तिच्या मागं चढलो आणि खांद्यावरून खाली पाहिलं.

हजारो तोंडं मी काचेतून पाहिली होती. नवरे, नवऱ्या, पुढारी, मेलेली माणसंसुद्धा. पण असं काही पाहिलं नव्हतं. लेकरानं चिमणीच्या पिलासारखं तोंड वासलं आणि तिनं त्याला झपकन जवळ ओढलं. हनुवटी छातीत रुतली, गाल फुगले, मग जबडा हलू लागला. प्रत्येक घोटाला त्याच्या कानाची पाळी हलत होती. एक मूठ तिच्या काळ्या मण्यांच्या पोतीत अडकलेली. मातीनं भरलेल्या तिच्या बोटांनी त्याची मान अशी धरली होती, की फूल तरी कोणी इतकं हलक्यानं धरत नसेल. बाहेर भाव ओरडणारी सगळी दुनिया, आणि इथं एक माणूस दुसऱ्या माणसाला स्वतःतून जेवू घालत होतं, कोणाला काही न सांगता. मी श्वास धरला आणि खटका दाबला.

पुढं कितीतरी वर्षं बायांनी मला असे फोटो काढू दिले, काहींनी भिंतीवर लावू दिले. ते पाहायला नव्या आया येऊन तासन्‌तास उभ्या राहायच्या. पण पहिल्या वेळी जसा मी हललो, तसा पुन्हा नाही.

रंगीत रोल नागपूरला पाठवावा लागे, म्हणून मी साध्या काळ्या-पांढऱ्या रोलवर काढला होता. दुपारीच अंधाऱ्या खोलीत शिरून धुतला आणि होता तो सगळ्यात मोठा कागद काढला. औषधाच्या पाण्यात आधी लेकराचं काजळ उमटलं, मग त्याचे केस, आणि सगळ्यात शेवटी ती रुतलेली हनुवटी.

घरी आलो तर मुलगा डबा मांडीवर घेऊन बसलेला आणि आत रडणं चालू. मी खाकरलो, फोटो खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि ओसरीत येऊन पाठमोरा बसलो. आतून बांगड्या वाजल्या. कागद उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं रडणं. एकदा थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिनं पुन्हा धरलं असावं. आणि मग रडणं तुटलं. मी वाट पाहिली, पण ते परत आलं नाही. त्या जागी बारीक गटक गटक असा आवाज येऊ लागला. मुलानं डबा खाली ठेवला. आम्ही दोघं बापलेक तो आवाज ऐकत बसलो, देवळात बसावं तसे, एकमेकांकडं न पाहता.

बऱ्याच वेळानं दाराआडून सून बोलली. "मामाजी."

"काय बेटा?"

"इकडून जमलं. दुसऱ्या बाजूचा फोटो हाय का?"

"नाई," मी म्हणालो. "पन आनतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओ उघडलाच नाही. कॅमेऱ्यात नवा रोल भरला, सायकल काढली आणि त्या बाईच्या खेड्याची वाट विचारत निघालो.