पाहुण्यापुरता गॅस

आमच्या गल्लीतल्या मावशीच्या घरी गॅस फक्त पाहुण्यासाठी पेटतो. एरवी भाकरी, कालवण, अंघोळीचं पाणी, सगळं अंगणातल्या चुलीवर. शेगडीवर भरतकामाचं फडकं झाकलेलं असतं. धुरानं तिचे डोळे सतत गळतात, विचारलं तर म्हणते, "कांदा लई तिखट हाय."

गरिबी नुसत्या कमाईवरून न मोजता घरात काय आहे, काय नाही यावरून मोजायची, अशा पाहणीचं काम मला पदवीमुळे मिळालं. मी तिच्या दारात गेलो, तसं तिनं फडकं काढून चहा ठेवला.

"मावशी, सैपाक कशावर करता?"

"बघायलास की. गॅसवर."

"चूल सांगितली तर घरकुलाला बरं पडंल."

"आन गल्ली म्हनंल, शिकलेल्या पोराला धुराचा चहा पाजला. गॅस लिही."

बाहेर चूल धुमसत होती. मी गॅस लिहिलं आणि तो चहा प्यायलो.

तिचा सिलिंडर टिकावा म्हणून आता मी दारातूनच सांगतो, चहा सोडलाय. तिचा हात फडक्यापर्यंत गेलेला असतो.

"सायब झालास," ती म्हणते. "आमचा चहा कशाला चालंल तुला?"