डावी बाही

बीडच्या आमच्या डॉक्टरांनी परदेशी वस्तू मिळू लागल्याबरोबर प्लॅस्टिकचा मेंदू आणवला आणि सर्दीच्या पेशंटलाही तो उघडून दाखवू लागले. एकदा माझ्याआधी माजलगावकडचा एक माणूस होता. डावा हात उसाच्या चरकात गेलेला, तरी रिकामी बाही चोळत बसलेला.

“हाताचा निरोप नसांतून मज्जारज्जूत, तिथून मेंदूत,” डॉक्टर मेंदू उघडून म्हणाले. “हात गेल्याचं मेंदूला अजून पटलेलं नाही. गोळ्यांनी हा भास जाईल.”

“मंग नगं गोळ्या, सायेब. ठणकतंय लई, पण माजी लेक त्याच हाताचं बोट धरून चालायची. ती वारली. तिची मूठ अजून हाय तितं.”

डॉक्टरांनी मेंदू मिटवला. तो माणूस अरुंद जिना उतरला, डावीकडं एका पोरीपुरती जागा सोडून.