मेण भरलेला चाकू

अख्ख्या भाईंदर वेस्टात घडीचा चाकू नुसता कानाला लावून चांगला का वाईट ते सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. ज्या कानाला लावतो तो उजवा कान लहानपणीच गेलाय — त्याच्याजवळ सुतळी बॉम्ब फोडलास तरी मला धुराच्या वासावरून कळेल.

हसलास? हस. पण हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. कान बायकोला माहीत आहे. पुढचं तिलाही नाही. ज्याला सांगायला पाहिजे होतं, त्याला तर नाहीच — म्हणजे परवापर्यंत तरी नाही. कान सोपा, म्हणून आधी कान सांगितला.

माझी गाडी मार्केटच्या तोंडाशी. कुलपं, कात्र्या, नेलकटर, आणि मेन म्हणजे चाकू — लाकडी मुठीचे, स्वस्तातले. नारळवाले घेतात, वायरमन घेतात, पेरू कापायला बायका घेतात. गिऱ्हाईक विचारतं, भाई, अच्छावाला कौनसा? मी एक उचलतो, डोळे मिटतो, कानाशी नेऊन उघडतो आणि मान हलवतो. बस. ही विद्या कुणी शिकवली? कुणी नाही. एकदा चाकू हातात असताना कान खाजवत होतो, गिऱ्हाइकाला वाटलं मी ऐकतोय. त्याने तोच घेतला. शाळेने मला चौथीत सोडलं, पण एवढं कळायला चौथी पुरते.

आता या चाकूत असतं काय, तर मुठीच्या पाठीत एक स्टीलची पट्टी. तिला आम्ही खटका म्हणतो. ती पात्याला उघडं धरून ठेवते. पट्टी चांगली असेल तर उघडताना 'खट्ट' वाजतं. पट्टी मेलेली असेल तर काम करता करता पातं मिटतं — कुणाच्या बोटांवर? ज्याच्या हातात आहे त्याच्याच.

हे मला माहीत होतं. बहिऱ्यालाही माहीत असतं.

मानवेल उत्तनजवळच्या चौक गावचा. तेव्हा मासेमारीच्या बोटीवर जायचा. पावसाळ्यातली बंदी उठून बोट पाण्यात लोटायची असली की अख्खी टोळी नवा चाकू घेते — एक हात दोरीला, एक चाकूला, असलं काम. त्या वर्षी सात जणांसाठी सात चाकू घ्यायला मानवेल आला. माझ्याकडे सहा धड होते. सातवा जन्मतःच मेलेला, खटका मुका, पातं लुळं. सहाच आहेत म्हटलं असतं तर सगळी टोळी पुढच्या गाडीवर गेली असती. मग मी काय केलं? त्याला चहाला पाठवलं, मेणबत्ती पेटवली, आणि सांध्यात मेण भरलं. गार झाल्यावर पातं कसं ताठ उभं — पोलिसासारखं.

तो आला. मी एकेक चाकू कानाला लावून देत गेलो. सातव्याला आवाजच नाही. येणार कुठून? तर मी जीभ टाळूला लावून 'खट्ट' केलं. खरंच केलं रे. मानवेल म्हणाला, याचा आवाज सगळ्यात भारी, हा माझा.

माझ्या जिभेचा आवाज ऐकून त्याने तो स्वतःला ठेवला.

उन्हात मेण वितळलं. चार दिवसांनी तो गाडीसमोर उभा राहिला, उजव्या हाताच्या बोटाला केवढं बँडेज. भांडायला नव्हता आला. हळूच विचारलं, चाकूत काय खोट व्हती काय? सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. तेव्हा 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "खोट चाकूत नाही, धरणाऱ्यात आहे. वरातीत तलवार धरतात तसा धरला असशील."

सगळे हसले. मानवेलही हसला. म्हणाला, "आसंल बाबा. माजाच हात चुकला."

ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. आणि हा माणूस — हे ऐक — गावभर सांगत सुटला की चाकू चांगला व्हता, मीच उलटा धरला. चौकची माणसं, उत्तनची माणसं, सगळी त्याने माझ्याकडे पाठवली. लॉकडाऊनमध्ये गाडी बंद, घरात बसून मी भिंती मोजतोय, तर हा मीरा रोडला मासे पोचवायला जाताना वाट वाकडी करून मोरव्याला आमच्या दारात सुके बोंबील ठेवून गेला. बायको म्हणाली, देवमाणूस आहे. मी म्हटलं, आहे. आणि ते बोंबील खाल्ले. चवीने खाल्ले, खोटं कशाला बोलू?

पुढे त्याने बोट सोडली आणि रविवारी माझ्या गाडीवर येऊन बसायला लागला, नेहमी माझ्या डाव्या हाताला. नवीन माल आला की एकेक चाकू तपासतो. पातं अर्धं उघडून आडवं हलवतो, हललं की बाजूला. उजेडात धरून पाठीची फट बघतो. मग पात्याची पाठ फळीवर दाबतो — मिटतंय का. त्याने पास केलेला चाकू मी कानाला लावतो आणि मान हलवतो. एवढी वर्षं माझ्या चाकूबद्दल कुणाची तक्रार नाही. नाव माझं होतं. त्याच्या त्या न मिटणाऱ्या बोटावर माझं घर चाललंय, हे मी रोज गाडी लावताना मनात म्हणतो. पण मनात म्हणून त्याला काय पोचणार?

सांगितलं तर उठून जाईल, ही भीती. गिऱ्हाइकं जातील त्याची कमी, तो जाईल त्याची जास्त.

परवा रविवारी तो असाच फळीवर पातं दाबत होता, आणि ते वाकडं बोट माझ्या समोर. तोंडातून निघून गेलं. मेण सांगितलं. जीभ सांगितली. वरातीतली तलवार सांगितली. माफी मागितली नाही — मागायचं तोंड कुठलं? कानाचं तेवढं सांगायचं राहिलं.

त्याने हातातला चाकू दोनदा उघडला, दोनदा मिटला. मला वाटलं, आता उठतो.

चाकू माझ्यासमोर टाकून म्हणाला, "ह्यो पन ढिला हाय, बहिऱ्या. बाजूला ठेव."