बर्फाच्या कोठीला हाजराबीची रजई

कारंजा गावात पिंजाऱ्यांची घरं पुष्कळ, पण कापूस पिंजायची पिंजण खांद्यावर टाकून दारोदार फिरणारी बाई एकटी हाजराबी. नवरा इब्राहीम दम्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने त्याची पिंजण उचलली. बिरादरीत कुजबूज झाली. हाजराबीने ती कानाआड केली आणि आपलं काम चोख ठेवलं.

जर्मनीशी चाललेल्या लढाईचं चौथं वर्ष होतं. मारोतरावांच्या बर्फाच्या कारखान्यात ती गाद्या पिंजायला गेली, तर मालक डोक्याला हात लावून बसलेले. इंजिनाच्या तेलाचं परमिट निम्म्यावर आलं होतं. मोठ्या कोठीत बर्फाच्या लाद्या आणि संत्र्यांच्या पेट्या खचाखच भरलेल्या, आणि त्या थंड ठेवायला इंजिन रात्रंदिवस चालवावं लागे.

अनवाणी हाजराबी कोठीच्या दारापुढून गेली आणि थबकली. बाहेर वैशाखाची आग, आणि दाराखालून तिच्या पावलांवर गार झुळूक येत होती.

"मारोतरावजी, थंडी तर तुमची इथूनच पळून राह्यली," ती म्हणाली. "दाराले रजई लावा."

इंजिनावरचा मिस्तरी इंद्रभान खो खो हसला. "बाई, रजई गरम असते. बर्फाचं पानी होऊन जाईन!"

"रजई कायची गरम, मिस्तरी? तुमची गरमी ते बाहेर जाऊ देत नाई, एवढंच. मंग बाहेरची गरमी आत काहून येऊ देईन?"

तिने बर्फाचे दोन सारखे तुकडे मागून घेतले. एक ओसरीवर उघडा ठेवला, दुसरा जाड रजईत गुंडाळला. दुपारच्या अजानपर्यंत उघड्या तुकड्याचं नुसतं डबकं उरलं. रजई सोडली, तर आतला तुकडा कडा झिजून का होईना, टणक बसलेला. इंद्रभानने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि दाराचं माप आणून दिलं.

हाजराबीने चार बोटं जाडीचा पडदा शिवला. पहिले आठ दिवस सगळे खूश. मग गार कोठी आणि गरम हवा यांच्यामध्ये दव धरून पडदा ओला झाला, कापसाचे गोळे होऊन खाली बसले, आणि इंजिन पुन्हा पहिल्यासारखं तेल पिऊ लागलं.

"सांगतलं होतं मी," इंद्रभान म्हणाला.

त्या दिवशी घरी येऊन हाजराबी जेवली नाही. चूक कापसाची नव्हती, ओलीची होती. ओल कापसात शिरायलाच नको. तिने जाड मांजरपाट आणला, त्यावर जवसाच्या कढवलेल्या तेलाचे हात फिरवले, सुकवला, पुन्हा फिरवले. पाणी ओतलं तर घरंगळून जाईल असं कापड झालं, तेव्हा त्यात ताजा पिंजलेला कापूस भरून टाके घातले. टाक्यांच्या भोकांवरही तेलाचं बोट फिरवलं. इब्राहीम खाटेवरून बघत होता. "टाका आखूड घे," एवढंच तो म्हणाला, आणि तिने आखूड घेतला.

दारावर एकावर एक दोन पडदे लागले, खाली जमिनीला टेकणारी जाड वळकटी, आणि छपराखाली सगळीकडे तशाच गाद्या. हमालांना तिने बजावलं, "एक पडदा पडल्याबिगर दुसरा उचलाचा नाई. मालक असो का नोकर!"

पंधरवड्याने एका दुपारी इंजिनाची धडधड थांबली. कारखाना बसला समजून बाजारातली माणसं फाटकाशी धावली. इंद्रभान हात पुसत बाहेर आला.

"बंद नाई पडलं, मीच थांबवलं," तो म्हणाला. "आता दिवे लागेपर्यंत गरज नाई. कोठी जशीच्या तशी गार हाये."

"अन् हे केलं कोनं?" गर्दीतून कुणी विचारलं.

"हाजराबीनं," इंद्रभान मोठ्याने म्हणाला.

निम्म्या परमिटात कारखाना लढाई संपेपर्यंत चालला. मूर्तिजापूरच्या बर्फवाल्याचं बोलावणं आलं, तेव्हा हाजराबी पिंजण घेऊन अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीत बसली. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "कुठं निघाली वो, गाद्या भराले?"

"नाई," हाजराबी ताठ बसत म्हणाली, "थंडी राखाले."