मामांच्या घरचा वाण

मामांनी आयुष्यात आपल्या कुत्र्यांचे एकही पिल्लू विकले नाही. बाळापूरकडच्या शेतांत त्यांच्या मेंढ्या बसत, तिथे लोक मोटारीने येऊन पिल्लांची किंमत विचारत. मामा त्यांना चहा पाजून परत पाठवत. "लेक इकते का कोनी?" एवढेच म्हणत. पिल्लू मिळे ते घरच्या मुलीला, सासरी जाताना. मादीच द्यायची, म्हणजे तिकडेही वाण सुरू राहतो. पुढे वीण हवी झाली, की लेकींच्या सासरचाच नर आणायचा. बाहेरचे रक्त नको. या काटेकोरपणाचा त्यांना अभिमान होता आणि घातही त्यानेच केला.

मी त्यांच्या नात्यातली नव्हे; आमची ओळख झाली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि अकोल्याच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. शिक्षण पुष्कळ, धीर मुळीच नाही. मामांचा तरणा कुत्रा दिवेलागणीला मेंढ्या सोडून जागीच थांबू लागला होता. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक विकार सांगितला. आधी रातांधळेपणा, मग पूर्ण अंधत्व, औषध नाही. बाकीच्या कुत्र्यांच्या गालांतून काडी फिरवून मी नमुने घेतले, नातीच्या लग्नासाठी राखलेल्या पिल्लाचाही. मग मामांचे फोन सुरू झाले. ते माझ्या प्रकृतीची चौकशी करीत, हवेची करीत, आणि मुख्य प्रश्न न विचारताच फोन ठेवून देत.

अहवाल आला. ते पिल्लू स्वतः आंधळे होणार नव्हते, पण दोष त्याच्यात होता. नात जाणार होती त्या हिवरखेडला मामांच्या आत्या-बहिणी दिलेल्या. तिथले नर याच वाणाचे. जोडी लागली, तर आंधळी पिल्ले निपजण्याची भीती. शस्त्रक्रिया करून पिल्लू द्या, असे मी सुचवले. नवरीसोबत वांझ जनावर कसे धाडायचे, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याहून मोठी धास्ती निराळीच होती.

"कुत्र्याचं सांगीन, बाई, अन् लोक पोरीकडं पायतीन. म्हंतीन, घरान्यातच खोट हाये."

मामा गप्प राहिले असते, तर काही वर्षे कुणाला कळलेही नसते. पण ते मला घेऊन हिवरखेडला गेले. शास्त्र मी समजावायचे ठरले होते. मी पहिल्याच वाक्यात अडखळले, तेव्हा मामांनीच सगळे सांगून टाकले.

व्याह्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "मामा, तुमी पोरगी देऊन राहिले का कुत्री? कुत्रीचं आपरेशन करून आना. लग्न काहून अडवता?"

अंगणातली माणसे हसली. मामा हसले नाहीत. परतताना म्हणाले, "इवाई हासले. पन इहीन उठून आत गेली. तुमी पायलं का?"

मी पाहिले होते. पण ‘नाही’ म्हणाले.

लग्न झाले. शस्त्रक्रिया झालेली कुत्री नातीसोबत गेली. वाण मामांनी तिथेच थांबवला. कळपासाठी बाहेरचा कुत्रा आणला. त्याच्याशी ते पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने बोलत. साऱ्या लेकींच्या घरी जाऊन त्यांनी तीच गोष्ट सांगितली. काही घरांनी पुन्हा बोलावले नाही.

नातीच्या मुलाच्या जावळाला मीही गेले होते. कुत्र्यातला हा दोष माणसात येत नाही, हे मी मामांना वारंवार सांगितले होते; "मले समजते, बाई," असे ते दर वेळी म्हणत. पंगत बसली तसे ते पाळण्यापाशी गेले, खिडकी लोटून अंधार केला आणि मुलाच्या चेहऱ्यावरून हळूच बोट फिरवले. मुलाची नजर बोटामागे गेली. मामांनी पुन्हा फिरवले.

दारात विहीण, नातीची सासू, उभी होती.

"दिसते त्याले, मामा," ती हलकेच म्हणाली. "मी रोज पायतो."